पीएजी पॉझिटिव्ह आलं, मग गाय रिकामी कशी? आणि वार का अडकली?

प्रश्न शीळफाट्याजवळच्या एका तरुण गोठेवाल्याचा आहे. चार संकरित होल्स्टीन गाई, वडिलांच्या वेळच्या तबेल्याचा उरलेला तुकडा, तिन्ही बाजूंनी इमारती. थोरली गाय १२ जानेवारीला व्याली. वार (वासराला पोटात पोसणारं, व्याल्यावर गळून पडणारं आवरण) अडकली, ती तिसऱ्या दिवशी कुणाकडून तरी हात घालून ओढून काढली. २१ फेब्रुवारीला माज दिसला म्हणून भरवली. २१ मार्चला गाभण आहे का पाहायला रक्त पीएजी तपासणीला दिलं, ‘पॉझिटिव्ह’ आलं. २७ एप्रिलला डॉक्टरांनी हात घालून पाहिलं तर पिशवी रिकामी. रक्त नेणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, ‘वारेचं एन्झाइम सापडलं, म्हणजे शंभर टक्के गाभण.’ तर मग एन्झाइम खोटं की डॉक्टर चुकले? आणि गेल्या वेळी वार अडकली ती कुठलं एन्झाइम कमी पडल्यामुळे का? ते इंजेक्शनाने देता येतं का?

दादा, तपासणीही बरोबर असू शकते आणि डॉक्टरही बरोबर. चुकला तो त्या मुलाने लावलेला अर्थ. दुसऱ्या प्रश्नात मात्र तुम्ही नेमकं बोट ठेवलंय. वार सुटते ती खरोखरच एन्झाइममुळे, आणि हे आम्हा पशुवैद्यांच्या धंद्यातल्याही अनेकांच्या हाताला अजून पटलेलं नाही.

आधी वार म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. घोडीची किंवा डुकरीणीची वार गर्भाशयाला सगळीकडून पसरून चिकटते, गाईची तशी नाही. गाईच्या पिशवीच्या आतल्या बाजूला सत्तर ते एकशेवीस बटणं असतात. वासराच्या बाजूच्या पडद्यावर त्यांच्या समोरासमोर तेवढेच झुपके. झुपक्याची बोटं बटणाच्या खाचांत शिरतात आणि ती जोडी गच्च बसते. गाभणपणाचा सगळा देणंघेणं व्यवहार या जोड्यांतून चालतो. मात्र आईचं रक्त आणि वासराचं रक्त कुठेही मिसळत नाही, मधे पेशींचे थर राहतात. म्हणून गाईच्या रोगप्रतिकारक प्रथिनांना पोटात असताना वासरापर्यंत पोचताच येत नाही, ती सगळी चिकातून द्यावी लागतात. खरवसासाठी पहिल्या धारेचा चीक बाजूला काढणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. पहिल्या काही तासांत वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे, खरवस उरला तर.

वासराच्या बाजूच्या थरात एक खास जातीची पेशी असते, दोन केंद्रकं असलेली. थरातल्या साधारण दर पाच-सहा पेशींमागे एक. ही पेशी जागची हलते, आईच्या बाजूला सरकते, तिथल्या पेशीत मिसळून जाते आणि पोटात भरून आणलेला माल तिकडे रिकामा करते. त्या मालात जी प्रथिनं असतात त्यांपैकी एक गट म्हणजे पीएजी, गाभणपणाशी जोडलेली प्रथिनं. तुमच्या गाईच्या रक्तात सापडलं ते हे.

आता गंमत अशी, की पीएजी हे दिसायला एन्झाइम आहे, कामाने नाही. १९८२ मध्ये गाभण गाईच्या रक्तात गाभणपणाचं एक प्रथिन सापडल्याचं जाहीर झालं. १९९१ मध्ये अमेरिकेत मिझुरीच्या शास्त्रज्ञांनी पीएजीची जनुकीय रचना वाचली, तेव्हा ते निघालं पेप्सिनच्या कुळातलं. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात मांस-डाळ फोडणारं एन्झाइम. वासराच्या जठरातलं दूध साकळवणारं, चीज करायला वापरतात ते चायमोसिनही याच कुळातलं. या सगळ्यांच्या मधे एक खाच असते, तिच्यात प्रथिनाची साखळी अडकते आणि कापली जाते. पीएजीच्या बऱ्याच प्रकारांत ही खाच तशीच आहे, पण कापणाऱ्या जागेजवळची एखादी कडी बदललेली आहे. पकड आहे, धार नाही. म्हणून ‘वारेचं एन्झाइम’ म्हणणं म्हणजे विळीची पात काढून नुसत्या पाटाला विळी म्हणणं. गाईत या कुळाची वीसहून जास्त जनुकं आहेत आणि त्यांतल्या काही जुन्या शाखांत थोडी धार शिल्लक असावी असं मानतात. तुमच्या तपासणीला त्याने काही फरक पडत नाही, कारण तपासणी धार मोजत नाही, हजेरी मोजते.

(तपासणीच्या पट्टीत निळा रंग येतो तो मात्र अस्सल एन्झाइमचा, पण तो गाईचा नव्हे. या चाचण्यांत सहसा हॉर्सरॅडिश नावाच्या मुळ्यासारख्या कंदातून काढलेलं एन्झाइम रंग आणायला वापरतात. बऱ्याच जणांना वाटतं गाईच्या रक्तानेच रंग बदलला.)

ही हजेरी भरवल्यापासून चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मोजण्याजोगी होते. आधी का नाही, तर आधी वारच नसते. भ्रूण चार-पाच दिवसांनी पिशवीत उतरतं, नवव्या दिवसाच्या आसपास कवचातून बाहेर येतं, मग दोन आठवड्यांनंतर एकदम लांबत सुटतं. अठराव्या दिवशी ते वीतभर लांबीच्या दोऱ्यासारखं असतं, आणि पिशवीला धरायला लागतं ते त्यानंतर. त्याच दिवसांत ते इंटरफेरॉन टाऊ नावाचा निरोप आईला धाडतं, ‘मी आहे, माज आणू नकोस’. तो निरोप पोचला नाही तर एकविसाव्या दिवशी गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. मेडिकलमधली दोन रेघांची पट्टी गाईच्या मुतात बुडवून पाहणारे मला दरवर्षी एक-दोन भेटतात. ती पट्टी बाईच्या शरीरातलं जे संप्रेरक शोधते ते गाईला नसतंच. पट्टी वाया घालवू नका.

आता तुमच्या तारखा घेऊ. १२ जानेवारी ते २१ फेब्रुवारी, चाळीस दिवस. २१ फेब्रुवारी ते २१ मार्च, अठ्ठावीस. म्हणजे रक्त घेतलं तेव्हा गाय व्यायल्याला अडुसष्ट दिवस झाले होते. विण्याच्या सुमारास गाईच्या रक्तात पीएजी सुरुवातीच्या महिन्याच्या शेकडो पट चढलेलं असतं, आणि वार पडली म्हणून ते एका रात्रीत जात नाही. ते निम्मं व्हायला आठ-नऊ दिवस लागतात. साडेआठ धरा. अडुसष्ट दिवसांत आठ वेळा निम्मं झालं, म्हणजे २५६ पट उतरलं. शेकडो पट चढलेलं अडीचशे पट उतरलं तर जिथे येतं तो आकडा नव्याने गाभण राहिलेल्या गाईच्या आकड्याच्या अगदी आसपासचा असू शकतो. काही गाईंत हा जुना साठा ऐंशी-शंभर दिवसही रेंगाळतो. म्हणून कुठलं किट साठ दिवसांनंतरच तपासा म्हणतं, कुठलं त्याहून पुढे. तुमचा अडुसष्टावा दिवस काठावरचा होता. तुमच्या कागदावर ‘व्यायल्याची तारीख’ असा रकाना आहे का पाहा. असला आणि रिकामा सोडला असला, तर तपासणीने तुम्हाला जुन्या वासराचीच खबर दिली असण्याची शक्यता आहे.

दुसरी शक्यता तितकीच खरी. गाय राहिली होती, रक्त घेतलं तेव्हा वार बोलत होती, आणि नंतर गर्भ गेला. अठ्ठाविसाव्या ते साठाव्या दिवसाच्या दरम्यान शंभरातल्या दहा-बारा दुभत्या गाईंचा गर्भ जिरतो, बाहेर काहीच पडलेलं दिसत नाही. इंटरफेरॉनचा निरोप पोचलेला असल्यामुळे ठरल्या दिवशी माजही येत नाही, आणि मालक समजतो सगळं ठीक. गर्भ मेला तरी पीएजी काही दिवस रक्तात दिसत राहतं. त्यात आपल्याकडचा मार्च-एप्रिल. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के दमटपणा धरून उष्म्याचा निर्देशांक काढला तर तो ८५-८६ येतो, आणि दुभती गाय ७२ च्या वर गेलं की ताणाखाली येते. पत्र्याखाली, सिमेंटवर, वारा अडवणाऱ्या इमारतींच्या मधे बांधलेल्या गाईचं काय होत असेल ते वेगळं सांगत नाही. पत्र्यावर पेंढा टाका, पंखा लावा, अंगावर पाणी सोडा. पंख्याशिवाय नुसतं पाणी मारलंत तर गोठ्यातला दमटपणाच वाढतो.

दोन्हींपैकी काय घडलं ते आता मागे जाऊन सांगता येणार नाही. पुढच्या वेळी सांगता येईल. भरवल्याला तीस दिवस आणि व्यायल्याला नव्वद दिवस, दोन्ही झाल्यावर रक्त द्या. पॉझिटिव्ह आलं तरी भरवल्यापासून साठ दिवसांनी हात घालून किंवा सोनोग्राफीने पुन्हा पाहा. सोनोग्राफीत तिसाव्या दिवसाच्या सुमारास काळजाचे ठोके दिसतात. गर्भ जिवंत असल्याचा तो खरा पुरावा, पीएजी फक्त वार असल्याचा. पीएजी निगेटिव्ह आलं तर ते मात्र बऱ्यापैकी भरवशाचं. मी स्वतः ही तपासणी रिकाम्या गाई लवकर हुडकायला वापरतो, गाभण गाई मिरवायला नाही.

आता धार असलेल्या एन्झाइमांकडे येऊ. शाळेच्या पुस्तकात यांना विकर म्हणायचे, पण तबेल्यात कुणी विकर म्हटलं तर विकार ऐकू येईल.

वार हा एक कारखानाच आहे. कोलेस्टेरॉल आत येतं, एक एन्झाइम त्याची शेपटी तोडतं, दुसरं त्याचं प्रोजेस्टेरॉन करतं, तिसरं त्याला इस्ट्रोजेनच्या वाटेला लावतं, आणि अरोमाटेज नावाचं चौथं शेवटचा हात फिरवतं. तिसऱ्याचा मुक्काम साध्या एक-केंद्रकी पेशीत, अरोमाटेजचा दोन-केंद्रकी पेशीत, म्हणजे माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो. तयार झालेल्या इस्ट्रोजेनवर आणखी एक एन्झाइम गंधकाचं झाकण बसवतं, म्हणजे ते रक्तात फिरलं तरी कुणाला डिवचत नाही. हे झाकणबंद इस्ट्रोजेन शंभर दिवसांनंतर दुधातसुद्धा सापडतं, आणि ते जिवंत गर्भ-वारेच्या जोडीकडूनच येत असल्याने त्याच्यावरूनही गाभण ओळखता येतं. पण शंभर दिवस थांबायला तुमच्याकडे वेळ आहे का?

गाईत एक गोष्ट मेंढीपेक्षा वेगळी. मेंढीत पन्नास दिवसांनंतर वार स्वतःच्या प्रोजेस्टेरॉनवर गाभ सांभाळते. गाईत ते काम जवळजवळ शेवटपर्यंत बीजकोशावरच्या पिवळ्या पिंडाकडे असतं, वारेचा हातभार मधल्या काळापुरता आणि मर्यादित. म्हणून हा पिंड मोडणारं प्रोस्टाग्लॅन्डिनचं इंजेक्शन गाभण गाईला चुकून दिलं की पहिल्या पाच महिन्यांत ती हमखास गाभडते. ‘माजावर येत नाही, एक इंजेक्शन ठोका’ म्हणणाऱ्यांनी आधी गाय रिकामी असल्याची खात्री करावी. दरवर्षी असे दोन-तीन गाभ हकनाक जातात, आणि इंजेक्शन ठोकणारा नंतर फोन उचलत नाही.

विण्याची वेळ वासरू ठरवतं. शेवटच्या दिवसांत त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पिकतात आणि कॉर्टिसॉल सोडू लागतात. त्याआधीचे महिने आईचं कॉर्टिसॉल वासरापर्यंत पोचू नये म्हणून वारेत एक वेगळं एन्झाइम पहाऱ्यावर असतं, ते आईचं कॉर्टिसॉल निकामी करून टाकतं. वासराचं स्वतःचं कॉर्टिसॉल चढलं की वारेतलं मघाचं तिसरं एन्झाइम जोर धरतं. प्रोजेस्टेरॉनकडचा माल इस्ट्रोजेनकडे वळतो, प्रोस्टाग्लॅन्डिन बनवणारं एन्झाइम जागं होतं, त्याने पिवळा पिंड खलास होतो आणि कळा सुरू होतात. ज्या वासराची मेंदूतली पिट्युटरी ग्रंथीच बनलेली नसते, असं काही गर्न्सी आणि जर्सी वंशांत नोंदलं गेलंय, ते वासरू दिवस उलटून गेले तरी बाहेर येत नाही, कारण घंटा वाजवणाराच नाही. याच कारणाने शेवटच्या तीन महिन्यांत गाईला कुठल्याही दुखण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचलं की ते खोटं कॉर्टिसॉल बनून घंटा वाजवतं. वासरू येतं, आणि वार हमखास अडकते.

का अडकते? कळा वेगळ्या आणि बटणं सुटणं वेगळं, म्हणून. ही गोष्ट मला कळायला बराच काळ लागला. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा मी दंडाच्या ताकदीवर विश्वास ठेवणारा होतो. बाळकुम बाजूच्या एका तबेल्यात पहाटे तासभर खपून एका म्हशीची वार मी बटणाबटणाने सोडवली आणि शाबासकी मिळवली. तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला, पिशवीत पू झाला, आणि ती पुन्हा कधी गाभण राहिली नाही. मालकाने मला दोष दिला नाही. त्याने तो नशिबाला दिला, आणि मला तेव्हा तेच बरं वाटलं.

बटण आणि झुपका यांना धरून ठेवणारा डिंक म्हणजे मुख्यतः कोलॅजेन. तो विरघळवणारी एन्झाइमं, कोलॅजिनेज, विण्याच्या आधीच कामाला लागलेली असावी लागतात. त्याच वेळी आईच्या बाजूच्या पेशींचा थर पातळ होतो, दोन-केंद्रकी पेशी झपाट्याने कमी होतात, आणि आईच्या पांढऱ्या पेशी वारेला परकी म्हणून ओळखून तिथे गोळा होतात. त्यांच्याकडेही कापणारी एन्झाइमं असतात. हे सगळं जमलं तर वासरू आल्यावर तीन ते आठ तासांत वार आपोआप गळते. बारा तास उलटले की अडकली म्हणायचं. ज्या गाईंची वार अडकते त्यांच्या पांढऱ्या पेशी विण्याच्या एक-दोन आठवडे आधीपासूनच मंदावलेल्या आढळल्या आहेत. म्हणजे बिघाड विताच्या दिवशीचा नसतोच. आणखी एक चमत्कारिक गोष्ट: वासराची पेशींवरची ओळखखूण आईशी फार जुळली तर वार जास्त अडकते, कारण आईला ती परकी वाटतच नाही.

यावरून जुळं, गाभडणं, उष्म्याने आठवडाभर आधी विणं आणि औषधाने विणं या चौघांत वार का अडकते ते कळेल. कळा आल्या, डिंक अजून सुटला नव्हता.

‘ते एन्झाइम इंजेक्शनाने देता येतं का’ या प्रश्नाचं उत्तर: देता येतं, प्रयोग झालेत. नाळेच्या रक्तवाहिनीतून जिवाणूंपासून काढलेलं कोलॅजिनेज दोन लाख एकक एक लिटर सलाइनमध्ये सोडलं तर डिंक विरघळतो. पण नाळेच्या वाहिन्या विण्याच्या वेळी आत आक्रसतात, त्या शोधाव्या लागतात आणि औषध महाग पडतं. मी ते कधी वापरलेलं नाही, तुम्हालाही कुणी वापरणार नाही. ऑक्सिटोसिनने फक्त कळ येते, डिंक सुटत नाही. बांबूचा पाला, बाजरीची पेज, गूळ, यांचा राग नाही, गाईच्या पोटात चार घास जातात. वारेला चप्पल किंवा वीट बांधणं बंद करा, त्याने बटण फाटतं.

आणि पिशवीत टाकायच्या गोळ्या. वार अडकली की टेट्रासायक्लिनच्या दोन-चार गोळ्या आत सारायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. टेट्रासायक्लिन जंतू मारतं हे खरं, पण ते याच कोलॅजिनेज एन्झाइमांनाही दाबतं. म्हणजे सडू नये म्हणून टाकलेली गोळी वार सुटायलाच उशीर लावू शकते. मी त्या सोडून दिल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

मग करायचं काय? लोंबणारा भाग बाहेर सडांना, जमिनीला लागेल एवढा असेल तर कापा, आतला ओढू नका. दहा दिवस रोज सकाळी ताप मोजा. १०३ च्या वर गेला, गाय चारा सोडू लागली किंवा घाण वासाचं पातळ पाणी आलं, तर डॉक्टरांना बोलवा आणि सुईतून अँटिबायोटिक सुरू करा. ताप नसेल तर बहुतेक गाईंत पाच ते दहा दिवसांत बटणं आपोआप सोडतात. वास येतो, शेजारच्या इमारतीतून तक्रार येते, ते सोसा. जानेवारीत वार ओढून काढल्यामुळेच तुमच्या गाईच्या पिशवीला सूज राहिली असण्याचा मला दाट संशय आहे, आणि चाळीस दिवसांत भरवण्याची घाईही नडली. अशा गाईला साठ दिवस द्यायचे, सोट (माजात येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ आहे का पाहायचं, मग भरवायचं.

विताच्या आधीचे दोन महिने खरे महत्त्वाचे. तुम्ही भाताचा पेंढा आणि सरकी पेंड घालता असं लिहिलंय. वाळलेल्या पेंढ्यात ई जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही, आणि भाताच्या पेंढ्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियमही नीट हाती लागत नाही. पांढऱ्या पेशींना स्वतःच्याच आगीपासून वाचवणारं एक एन्झाइम सेलेनियमवर चालतं, ई जीवनसत्त्व त्याचा जोडीदार. म्हणून भाकड काळात चांगलं खनिज मिश्रण, शक्य तेवढा हिरवा चारा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने विताच्या तीन आठवडे आधी ई-सेलेनियमचं एक इंजेक्शन. सेलेनियम जास्त झालं की विष आहे, आपल्या मनाने दोनदा देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिसऱ्या दिवशी ज्याने हात घातला त्याने मोजा घातला होता का? पाचव्या-सातव्या महिन्यात गाभडणं आणि मग वार अडकणं यामागे ब्रुसेला असू शकतो. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते, ती या जंतूच्या आवडीची, म्हणून तो तिथेच माजतो आणि एका वारेतून गोठाभर पसरतो. माणसालाही होतो, महिनोनमहिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी. चारही गाईंची ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. कालवड असेल तर चार ते आठ महिन्यांच्या वयात तिला एकदाच लस मिळते, राष्ट्रीय कार्यक्रमातून ती फुकट आहे. वार खाडीत किंवा नाल्यात टाकू नका, कुत्री ओढून नेतात. तुमच्याकडे पुरायला जागा नाही हे ठाऊक आहे. खड्डा खोल हवा, वर चुना, आणि तो कुठे घ्यायचा ते गाय विण्याच्या आधी ठरवून ठेवा.

सध्या त्या गाईला काही टोचू नका. दहा-बारा दिवसांनी तुमच्या डॉक्टरांकडून पुन्हा एकदा हात घालून पाहा, बीजकोशावर पिवळा पिंड आहे का आणि पिशवीत सूज आहे का हे विचारा. पिंड असला, पिशवी स्वच्छ असली आणि गाय रिकामी असल्याची खात्री झाली, तरच प्रोस्टाग्लॅन्डिन. दोन ते पाच दिवसांत माज यायला हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात तो रात्री येतो आणि थोडाच वेळ टिकतो, तेव्हा पहाटे तीन वाजता एकदा उठून गोठ्यात चक्कर मारा.